रास्पबेरी पाय ४ आणि एफटी८: बोर्ड पास, परीक्षा आवाजाची, घड्याळाची आणि विजेची

एफटी८, व्हिस्पर किंवा जेएस८कॉल या हॅम रेडिओवरच्या कमजोर सिग्नलच्या डिजिटल पद्धतींसाठी रास्पबेरी पाय ४ हा छोटा एकबोर्ड संगणक घ्यायचा असेल तर २ जीबीचा पुरतो. ८ जीबीच्या नादी लागू नका. डब्ल्यूएसजेटी-एक्स हा एफटी८चा प्रोग्राम आणि सोबत एखादं लॉगबुक, एवढ्याला रॅम लागते तरी किती? वाचलेल्या पैशांत बरं यूएसबी साउंड कार्ड, घड्याळाचं मोड्यूल आणि केबलवरचा गोंगाट अडवणारे मूठभर फेराइट येतात, आणि खरा फरक तेच पाडतात. ‘पायवर डीकोडच होत नाही’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा प्रोसेसर बहुधा निर्दोष असतो.

वेगाचा हिशोब असा. एफटी८चा एक फेरा १५ सेकंदांचा, त्यातलं प्रक्षेपण १२.६४ सेकंदांचं. उरलेल्या दोन-सव्वादोन सेकंदांत डीकोड उरकून, उत्तर कोणाला द्यायचं हे ठरवून पुढच्या फेऱ्याला हजर व्हायचं असतं. नव्या आवृत्त्या फेरा संपायच्या आधीच डीकोडची पहिली खेप काढतात, त्यामुळे ताण बराच हलका झालाय. पाय ४ गजबजलेल्या १४.०७४ मेगाहर्ट्झवर ‘डीप’ डीकोड ठेवूनही बहुतेक वेळा वेळेत हात मोकळे करतो. पाय ३ बी प्लसवर ‘नॉर्मल’ ठेवा. झीरो २ डब्ल्यूवर ‘फास्ट’, आणि ब्राउझर उघडायचाच नाही; तिथे सगळी मिळून ५१२ एमबी रॅम आहे. एफटी४ या वेगवान पद्धतीचा फेरा साडेसात सेकंदांचाच असल्यामुळे झीरोची दमछाक तिथे लगेच दिसते.

सॉफ्टवेअर बसवायला कष्ट नाहीत. डब्ल्यूएसजेटी-एक्स, जेएस८कॉल, एफएलडिजी, डायरवुल्फ हे सगळे प्रोग्राम रास्पबेरी पाय ओएसच्या भांडारात तयार मिळतात. त्या ओएसच्या बुकवर्म या पिढीत डब्ल्यूएसजेटी-एक्सची २.६.१ आवृत्ती आहे. सर्वांत नवी नसली तरी रोजच्या एफटी८ला काही अडत नाही. स्वतः कंपाइल करायचंच असेल तर २ जीबीच्या बोर्डावर चारही कोर एकदम कामाला लावू नका, मेमरी भरून अर्ध्यात थांबतं. मात्र स्क्रीन न लावता लॅपटॉपवरून व्हीएनसीने (पायचा डेस्कटॉप दुरून दाखवणाऱ्या प्रोग्रामने) बघणार असाल तर एक खोच आहे. बुकवर्मपासून डेस्कटॉप वेलँड या नव्या डिस्प्ले व्यवस्थेवर गेला, त्यामुळे व्हीएनसीचे जुने धडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रामच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात जाऊन जुनं एक्स११ निवडलं, व्हीएनसीचं रिझोल्यूशनही त्याच प्रोग्रामच्या ‘डिस्प्ले’ भागातून ठरवून टाकलं, की कटकट मिटते.

आता आवाज. पायला आवाज आत घ्यायची सोयच नाही. पाय ४वरचा ३.५ मिमीचा जॅक फक्त आवाज आणि व्हिडिओ बाहेर काढतो; पाय ५वर तोही उडवलाय. तुमचा रिग (रेडिओ संच) आयसी-७३०० किंवा एफटी-९९१ए असेल तर प्रश्न नाही, एकाच यूएसबी केबलमधून आवाज आणि कॅट (संगणकावरून रिगचं नियंत्रण) दोन्ही येतात. एफटी-८९१ घेणारे इथे फसतात. मागे यूएसबी आहे म्हणजे आवाजही येईल असं वाटतं, पण तिथून मिळतं ते नुसतं कॅट. एफटी-८१८, झीगू जी९० यांनाही बाहेरचा इंटरफेस लागतो. डिजिरिग घेतलात तर साउंड कार्ड आणि सिरियल दोन्ही एका डबीत येतात. काटकसर करायची असेल तर सीएम१०८ चिपचा साधा डोंगल चालतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत तो आणि खालचे सुटे भाग एका फेरीत मिळतात.

डोंगलची माइक इनपुट फार नाजूक असते आणि तिच्यावर इलेक्ट्रेट माइकसाठीचा डीसी व्होल्टेज असतो. रिगच्या स्पीकर-आउटमधून थेट वायर ओढली तर वॉटरफॉल (सिग्नलांचं सरकतं चित्र) पिवळाजर्द होतो आणि एकेका स्टेशनाच्या शेजारी भुतासारख्या खोट्या रेषा दिसू लागतात. उपाय स्वस्त आहे: १० किलोओहम मालिकेत, १ किलोओहम ग्राउंडला, म्हणजे साधारण २० डीबी कपात, त्यापुढे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डीसी अडवायला. येणाऱ्या-जाणाऱ्या दोन्ही वाटांवर ६००:६०० ओहमचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालाच. पाय आणि रिग एकाच पॉवर सप्लायवर असतील तर ग्राउंड लूपची घरघर त्याशिवाय जात नाही.

यानंतर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा, एफ६ने कार्ड निवडा, एफ५ने सगळे रकाने दाखवा आणि ‘ऑटो गेन कंट्रोल’वर (एजीसी) जाऊन एम दाबून ते बंद करा. या डोंगलांवर ते सुरुवातीला चालू असतं. एखादं जोरदार स्टेशन आलं की ते सगळ्या पट्टीचा आवाज खाली दाबतं, आणि जे उणे २० डीबीवरचे कमजोर सिग्नल ऐकायला एफटी८ वापरायचं तेच पहिले बुडतात. पातळी बँड शांत असताना डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या हिरव्या पट्टीवर ३०च्या आसपास असावी. ठरलेली सेटिंग साठवायला विसरू नका, नाहीतर रीबूटनंतर एजीसी पुन्हा जागेवर हजर दिसू शकतं.

प्रक्षेपणाच्या बाजूला रिगवर एएलसी (जादा आवाज दाबणारं नियंत्रण) जेमतेम शून्यावर येईपर्यंत प्रोग्राममधली पॉवरची दांडी खाली आणायची. ‘स्प्लिट’मध्ये ‘फेक इट’ निवडलं की पाठवला जाणारा टोन १५०० ते २००० हर्ट्झमध्ये राहतो आणि त्याचे हार्मोनिक रिगच्या फिल्टरबाहेर पडतात. शंभर वॉटच्या रिगवर ३०-४० वॉट भरपूर झाले. फेऱ्याचे साडेबारा सेकंद सलग पूर्ण शक्ती जाते, एसएसबीवरच्या बोलण्यासारखी मधे उसंत नसते. आणखी एक, जवळजवळ सगळ्यांकडून राहून जाणारी गोष्ट: पायचं डीफॉल्ट आउटपुट एचडीएमआय ठेवा आणि यूएसबी कार्ड फक्त डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या सेटिंगमध्ये निवडा. नाहीतर डेस्कटॉपचं ‘टिंग’ ७.०७४वर ऐकायला मिळतं.

कॅट केबल लावून प्रोग्राम सुरू करताच रिग आपोआप ट्रान्समिटवर गेला, तर घाबरू नका. लिनक्स सिरियल पोर्ट उघडताना आरटीएस आणि डीटीआर या दोन्ही रेषा वर करतो आणि रिग त्याला पीटीटी, म्हणजे ट्रान्समिटचा हुकूम, समजतो. रेडिओ सेटिंगमध्ये दोन्ही रेषा ‘लो’ ठेवायचा पर्याय आहे. आयसी-७३००मध्ये ‘यूएसबी सेंड’ बंद केलं तरी भागतं. पोर्टचं नाव मात्र टीटीवाययूएसबी-शून्य असं देऊ नका, जीपीएस किंवा दुसरी केबल लावली की नंबर बदलतात. ‘सिरियल बाय-आयडी’ फोल्डरमधलं लांबलचक नाव एकदा निवडलं की ते हलत नाही.

घड्याळ हा पाय ४चा खरा कच्चा दुवा. बोर्डावर आरटीसी, म्हणजे वीज गेल्यावरही चालणारं घड्याळ, नाही. वीज गेली की वेळ गेली. घरी इंटरनेटवर ती स्वतःच लागते. सिंहगडावर बॅटरी आणि डायपोल घेऊन गेलात आणि मोबाइलला रेंज नसेल तर एफटी८ संपलं, कारण सगळ्यांचे फेरे घड्याळावरच जुळतात. एका सेकंदाच्या आतबाहेर राहिलात तर चालतं, अर्ध्या सेकंदाच्या आत राहिलात तर निर्धास्त. तपासायला डब्ल्यूएसजेटी-एक्समधला डीटीचा (सेकंदांतला फरक) रकाना बघा. एखाद्याच स्टेशनासमोर १.४ असेल तर घड्याळ त्याचं चुकलंय. सगळ्यांसमोर अधिक १.४च्या आसपास दिसत असेल तर तुमचं पुढे आहे, उणे दिसत असेल तर मागे.

एका दिवसाच्या फील्ड ऑपरेशनला डीएस३२३१ हे घड्याळाचं मोड्यूल पुरतं. त्याची अचूकता दोन पीपीएम (दशलक्षात दोन), म्हणजे चोवीस तासांत जास्तीत जास्त ०.१७ सेकंद फरक. पिन १वरून ३.३ व्होल्ट, ३वर एसडीए, ५वर एससीएल, ६वर ग्राउंड. पाच व्होल्ट देऊ नका: एक तर मोड्यूलवरचे पुल-अप रोधक ते पाच व्होल्ट थेट पायच्या पिनांवर आणतात, दुसरं म्हणजे निळ्या बोर्डाच्या मोड्यूलवर चार्जिंगचं सर्किट असतं आणि त्यात साधा सीआर२०३२ सेल असेल तर तो चार्ज होण्यासाठी बनलेलाच नसतो. सोबत फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचं पॅकेज असेल तर काढून टाका, ते जुनी साठवलेली वेळ मधे घुसवतं.

जास्त दिवस बाहेर असाल तर निओ-६एम जीपीएस. त्याचा टीएक्स पिन १०ला, आरएक्स ८ला, पीपीएस (दर सेकंदाचा ठोका) १२ला. सिरियल कन्सोल बंद, सिरियल हार्डवेअर चालू, वर जीपीएसडी आणि क्रोनी हे वेळ लावणारे प्रोग्राम. पीपीएसची वायर टाळून नुसत्या सिरियल डेटावर वेळ घेणारे फसतात. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरं जातात आणि मोड्यूल दर सेकंदाला चारपाचशे अक्षरं ओकतं. वेळेचं वाक्य पायपर्यंत पोचेपर्यंत काही दशांश सेकंद उलटलेले असतात. मग सगळ्यांचे डीटी एकसारखे उणे दिसतात. क्रोनीच्या सेटिंगमध्ये तेवढा ऑफसेट द्या, नाहीतर ती एक वायर जोडा.

वीज. पाय ४ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा सप्लाय लागतो. मोबाइलचा चार्जर आणि बारीक केबल लावली की बोर्डावरचा व्होल्टेज ४.६३च्या खाली घसरतो, स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह चमकतं, प्रोसेसर मंदावतो आणि यूएसबी कार्ड मधेच गायब होतं. रिगच्याच १२ व्होल्टच्या बॅटरीवरून चालवायचं तर व्होल्टेज उतरवणाऱ्या बक कन्व्हर्टरवर ५.१ व्होल्ट लावा. पाय सरासरी ४ वॉट खातो असं धरा. ७ एएचच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे म्हटले तरी दहा तास निघतात. अर्थात रिगचा वाटा त्याच बॅटरीतून, आणि तो कितीतरी मोठा.

स्वस्त बक कन्व्हर्टर एचएफवर (लघुलहरींच्या पट्ट्यांवर) गोंगाट करतात. तपासणी सोपी: अँटेना लावलेली, रिग रिसीव्हवर, आणि पाय चालू-बंद करताना एस-मीटर बघायचा. मग एकेक केबल काढत जा. बऱ्याचदा गुन्हेगार एचडीएमआयची केबल निघते. ती उपटली की वॉटरफॉलवरच्या ठरावीक अंतराच्या उभ्या रेषा नाहीशा होतात. मिक्स ३१च्या फेराइटवर यूएसबी आणि पॉवर केबलचे पाच-सहा वेढे द्या, एका वेढ्याच्या क्लिपने एचएफवर फारसं काही होत नाही. उलट दिशेचा त्रासही असतो. ट्रान्समिट करताच यूएसबी तुटून पीटीटी अडकत असेल तर आरएफ (प्रक्षेपणाची रेडिओ ऊर्जा) केबलवरून परत येतंय. डायपोलच्या फीडपॉइंटला चोक घाला, लॅपटॉप घेतला असता तरी हेच झालं असतं.

विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवणार असाल तर अ‍ॅल्युमिनियमची जाड केस घ्या. ८० अंशांना प्रोसेसर स्वतःला आवरतो.

एसडी कार्डाचं म्हणाल तर भारनियमन आणि कार्ड यांचं जमत नाही. रास्पी-कॉन्फिगमधली ओव्हरले फाइल सिस्टीम चालू केली की कार्डावर काही लिहिलंच जात नाही, पण त्यासोबत तुमचा एडीआय लॉगही (संपर्कांच्या नोंदी) रीबूटला पुसला जातो. त्यामुळे लॉग पेनड्राइव्हवर तरी पाठवा किंवा सरळ यूएसबी एसएसडीवरून बूट करा. ऑल डॉट टीएक्सटी ही डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या डीकोडांची फाइल अधूनमधून रिकामी करा, चोवीस तास ऐकणाऱ्या स्टेशनावर ती बेसुमार फुगते.

जमत नाही ते हे: विनलिंक या रेडिओवरच्या ईमेलसाठी ‘वारा’ (VARA) हा मोडेम हवा असेल तर पाय घेऊ नका. वारा विंडोजचा प्रोग्राम आहे, पायवर तो वाइन आणि बॉक्स८६च्या कसरतीवर चालवावा लागतो आणि नेमका आपत्कालीन सरावाच्या दिवशी रुसतो. विनलिंकचाच पॅट हा प्रोग्राम आणि आरडॉप हा मोडेम नीट चालतात. दुसरं, घरात टेबलावर, मेनवर चालवायचं असेल तर सप्लाय, कार्ड, केस, आरटीसी आणि स्क्रीन धरून होणाऱ्या खर्चात सेकंड हँड मिनी पीसीही बघून घ्या. पायची बाजू भक्कम होते ती बॅटरीवर, पाठपिशवीत किंवा कपाटात बाराही महिने चालू राहणाऱ्या स्टेशनाला. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी एसबिटएक्स या ट्रान्सीव्हरच्या पोटात पाय ४ घातला आणि छोट्या झेडबिटएक्समध्ये झीरो २ डब्ल्यू, ते उगाच नाही.

एपीआरएसच्या (रेडिओवरून ठिकाण आणि छोटे संदेश पाठवण्याच्या पद्धतीच्या) डायरवुल्फला झीरो २ डब्ल्यू पुष्कळ झाला. डायरवुल्फ जीपीआयओवरून (बोर्डावरच्या पिनांवरून) थेट पीटीटी देतो, ३३० ओहम आणि पीसी८१७ ऑप्टोकपलर लावून काम होतं. जीपीआयओ ४वरून रिगशिवायच व्हिस्पर पाठवणारे प्रोग्रामही आहेत. शक्ती दहा मिलिवॉटच्या आसपास, पण पिनेवर चौकोनी लहर असते, तिसरं हार्मोनिक दणकट. डीसी अडवणारा कपॅसिटर आणि त्या बँडचा लो-पास फिल्टर लावल्याशिवाय अँटेना जोडू नका, आणि परवान्याच्या कॉलसाइनशिवाय तर नाहीच. यासाठी पाय ५ आणू नका: त्याचे जीपीआयओ आरपी१ या वेगळ्या चिपवर गेलेत आणि हे जुने प्रोग्राम तिथे चालत नाहीत. पाय ३ किंवा जुना झीरो पडून असेल तर तोच काढा.