ठासणीच्या बंदुकीसाठी घरी बनवलेलं पॅच ल्यूब: उन्हाळा ते जानेवारी वापरून आलेला अनुभव

मी पेनसिल्व्हेनियात राहतो, .५० कॅलिबरची फ्लिंटलॉक (गारगोटीच्या ठिणगीने बार पेटवणारी ठासणीची बंदूक) आहे, .४९० ची शिश्याची गोळी आणि सुती टिकिंगचा (गादीच्या घट्ट विणीच्या कापडाचा) पॅच, म्हणजे गोळीभोवती गुंडाळून नळीत ढकलायचा कापडाचा तुकडा. उन्हाळ्यापासून त्याला लावायचं ल्यूब, म्हणजे वंगण, घरीच बनवतोय. आधीच सांगतो, रेंजसाठी (नेमबाजीच्या सरावासाठी) वेगळं आणि शिकारीसाठी वेगळं असं दोन प्रकारचं लागतं, एकाच डबीत दोन्ही भागवायचा हट्ट करू नका.

काळी पावडर जळली की निम्म्याहून जास्त वजन घन पदार्थ म्हणून उरतं, त्यातली बरीच काजळी नळीतच बसते. ती पाण्याने विरघळते पण इंजिन ऑइलसारखं तेल लागलं की डांबरासारखी चिकट होते आणि मग पुढची गोळी गजाने ढकलताना जीव जातो. बॅलिस्टॉल हे बंदुकीचं तेलसुद्धा मिनरल ऑइलचंच आहे पण ते पाण्यात मिसळतं, म्हणून चालतं.

रेंजवर मी तेच वापरतो. १ भाग बॅलिस्टॉल, ६ भाग पाणी, दुधासारखं पांढरं होतं, त्यात कापडाची पट्टी बुडवायची आणि काचेवर आडवी पसरून पूर्ण वाळवायची, दोरीवर टांगली तर तेल खालच्या टोकाला उतरतं आणि प्रत्येक पॅच वेगळा लागतो. हे करायला लागल्यापासून ग्रुप (निशाणावर गोळ्या लागतात तो घेर) खरंच आवळला आणि मधे नळी पुसायची गरज खूपच कमी झाली. उडालेले पॅच मात्र गोळा करून बघाच, पुढे थोड्या अंतरावर पडलेले सापडतात. मधोमध जळून भोक पडलं असेल तर ल्यूब कमी किंवा कापड पातळ, कापल्यासारख्या चिरा असतील तर रायफलिंगच्या (नळीच्या आतल्या पीळदार खाचांच्या) कडा किंवा नळीचं तोंड धारदार आहे. नुसतं काळं झालेलं पण अख्खं कापड मिळालं की समजा जमलं.

शिकारीला मात्र मधमाश्यांचं मेण आणि घरचं साजूक तूप. तुपात मीठ नाही, पाणी नाही, हे फार महत्त्वाचं, खारं लोणी किंवा बेकनची चरबी घातली तर नळीला गंज ठरलेला. उन्हाळ्यात मेणाच्या दुप्पट तूप, ख्रिसमसनंतरच्या फ्लिंटलॉक सीझनला चौपट, नाहीतर थंडीत मिश्रण दगड होतं. मेण ६२-६४ अंश सेल्सियसला वितळतं, ते गरम पाण्यात भांडं ठेवूनच वितळवा, थेट आचेवर अजिबात नको. १८५७ मध्ये एन्फिल्डच्या काडतुसांच्या चरबीवरून शिपाई बिथरले तेव्हा इंग्रजांनी त्यांना आपापलं वंगण लावायची मुभा दिली होती पण तोवर विश्वास उडालेला होता, डबी भरताना मला हे दरवेळी आठवतं.

तुपाचा तोटा म्हणजे काही महिन्यांनी खवट वास येतो, म्हणून थोडंच बनवून फ्रिजमध्ये ठेवतो. तुपाऐवजी एरंडेल घालून पण बघितलं, ते जास्त टिकतं आणि काजळी मऊ ठेवतं, फक्त हाताला चिकट लागतं. बार भरून तासन्‌तास जंगलात बसायचं असेल तर पावडर आणि ल्यूबवाला पॅच यांच्यामध्ये एक कोरा पॅच टाका, नाहीतर तेल पावडरीत उतरतं आणि ऐन वेळी नुसती ठिणगी उडते.