सहा महिन्यांचा सीएनसी टर्निंग कोर्स: नोकरीला चार महिने झाल्यावर

एका बॅटरीपायी पाच आठवडे वाया गेले. आधी तेच सांगते, कारण अजूनही ते डोक्यातून गेलेलं नाही.

कोर्सचा तिसरा महिना चालू होता. सीएनसी लेथच्या, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापणाऱ्या संगणकी मशीनच्या, स्क्रीनवर खालच्या कोपऱ्यात बॅटरीचा अलार्म लुकलुकायला लागला. मशीनचा मेन स्विच बंद असतो तेव्हा कंट्रोलमधले (मशीनच्या संगणकातले) पॅरामीटर म्हणजे मशीनची सेटिंग, ऑफसेट म्हणजे टूलच्या मापातली दुरुस्ती, प्रोग्रॅम हे सगळं त्या बॅटरीवर तग धरून असतं. ती बदलायची तर मशीन चालू ठेवूनच बदलायची, हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्ही सरांना सांगितलं, सरांनी त्याच दिवशी ऑफिसात मागणी दिली. मागणी टेबलावरच पडून राहिली. मग आठ दिवसांची सुट्टी लागली, कुणीतरी मेन स्विच पाडला आणि परत आलो तेव्हा मेमरी कोरी. पॅरामीटरचा बॅकअप कुणाकडेच नव्हता. सर्व्हिस इंजिनिअरला बोलावणं, त्याचं कोटेशन, त्या कोटेशनला मंजुरी, यात पाच आठवडे गेले.

आता हिशेब बघा. बॅच १८ जणांची, मशीन एकच, प्रॅक्टिकल तीन तासांचं. म्हणजे माणशी १० मिनिटं. आठवड्यातून चार दिवस धरले तर पाच आठवड्यांत माझे ३ तास २० मिनिटं गेले. आकडा किरकोळ वाटेल. पण मी पहिल्या दिवसापासून वही ठेवली होती, आणि पूर्ण कोर्समध्ये मशीनला माझा हात लागला तो एकूण १३ तास ४० मिनिटं. त्याच्यापुढे ३ तास २० मिनिटं ठेवून बघा. आधीची नोकरी सोडून, साठवलेल्या पैशातून मी फी भरली होती. माहितीपत्रकात प्रॅक्टिकलचे ३०० तास छापले होते. ते पूर्ण बॅचचे, आणि त्यात सिम्युलेटर, म्हणजे संगणकावरचं नकली मशीन, तेही धरलेलं, हे प्रवेश घेताना कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, ती चूक माझी.

मशीन बंद होतं तेव्हा आम्ही सिम्युलेटरवर बसलो. जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा, पाठ व्हायला तो उत्तम आहे. जी ०० ची रिकामी धाव आणि जी ०१ चं कटिंग यातला फरक, टूलच्या टोकाची गोलाई हिशेबात धरणारे जी ४१ आणि जी ४२ कधी लावायचे, हे सगळं तिथेच पक्कं झालं. पण तो चुका पोटात घालतो. मी व्यासासाठी एक्स ५० लिहिताना पुढचा टिंब विसरायचे, सिम्युलेटर मुकाट्याने ५० मिलिमीटर धरायचा. आमचा लेथ मात्र टिंब नसेल तर तेच ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०५ मिलिमीटर, धरतो, पुष्कळ कंट्रोल असेच सेट केलेले असतात. लेथ सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी माझं टूल सरळ जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) मध्याकडे निघालं. सिंगल ब्लॉक चालू होता, म्हणजे मशीन एकेक ओळ करून थांबत होतं, आणि सरांचा हात फीड ओव्हरराइडवर, म्हणजे टूलचा वेग कमी करायच्या बटणावर होता, म्हणून जॉब धरणारा चक वाचला.

उरलेला वेळ बेंचवर आणि हाताच्या लेथवर. बेंच व्हाइसमध्ये पट्टी धरून कानस मारायची, निळा रंग लावून उंचवटे शोधायचे, पुन्हा कानस. मायक्रोमीटर शंभर वेळा उघडायचा आणि मिटायचा, रॅचेटचे तीन टकटक झाले की वाचायचं. थिंबलवर, म्हणजे त्याच्या फिरत्या नळीवर, ५० भाग, एका फेऱ्याला अर्धा मिलिमीटर, म्हणजे एक भाग ०.०१ मिलिमीटर. मला संताप यायचा. मी सीएनसीसाठी पैसे भरलेत, कानशीसाठी नाही, असं सरांना तोंडावर म्हटलंसुद्धा. ते एवढंच म्हणाले, "अगं, मशीन माप देत नाही. माप तुला घ्यायचंय."

हा अनुभव कोर्सच्या चौथ्या महिन्यात लिहिला असता तर या कोर्सला जाऊ नका, एवढंच लिहिलं असतं. आज तसं लिहिणार नाही.

नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात स्टीलच्या जॉबला ३० एच ७ चा बोअर, म्हणजे ३० मिलिमीटर व्यासाचं, ठरलेल्या मर्यादेतलं भोक होतं. मर्यादा ३०.००० ते ३०.०२१ मिलिमीटर. जॉब चकमधून काढल्या काढल्या बोअर गेज लावला, वाचन ३०.०२४. शेजारचा ऑपरेटर ऑफसेट कमी करायला पुढे झाला. जॉब हाताला चांगलाच गरम लागत होता. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची, आणि एक मीटर स्टील दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, हे सरांनी त्या पाच आठवड्यांत घोटून घेतलं होतं. ३० मिलिमीटरला २५ अंशांचा फरक धरला तर जवळजवळ ९ मायक्रॉन. मी म्हटलं, थांबा, गार होऊ दे. सरफेस प्लेटवर जॉब ठेवला, वीस मिनिटांनी पुन्हा गेज लावला. ३०.०१५. ऑफसेटला हात न लावता पुढचे सगळे नग तसेच काढले. त्या दिवसापासून पहिल्या नगाची तपासणी माझ्याकडे आहे.

तरीही बॅटरीचं मी माफ करणार नाही. मायक्रोमीटर शिकवायला लेथ बंद पडायची गरज नव्हती, दोन्ही शिकवता आलं असतं.

प्लेसमेंटबद्दल थोडंच. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणजे शंभर टक्के मुलाखती. मला नोकरी लागली ती बाहेर अर्ज करून, आणि तिथे प्रमाणपत्रापेक्षा जॉब करून दाखव म्हणाले.

प्रवेश घ्यायला जाल तेव्हा वर्कशॉपमध्ये जा. चालू मशीन किती आणि बॅच किती जणांची हे विचारा, भागाकार तिथेच करा. मशीन बंद पडलं तर तास भरून देणार का, हे लेखी मागा. पॅरामीटरचा बॅकअप आहे का, हेही विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरं कॉलेज बघा.

माझ्या तासांसाठी मी कॉलेजला दोन अर्ज दिले. पहिल्यावर दोन शनिवार मिळाले, त्यात माझे ४० मिनिटं भरून निघाले. उरलेल्या २ तास ४० मिनिटांचा दुसरा अर्ज अजून ऑफिसात आहे. मशीनवर आता मी रोज आठ तास असते, त्या तासांची मला गरज उरलेली नाही. पण माझ्यामागून आलेल्या बॅचलाही तेच मशीन आहे, म्हणून अर्ज मागे घेतलेला नाही.