जिताड्याच्या खाद्यात मिसळायची प्रोबायोटिक पावडर – घ्या, पण पाण्यात ओतू नका

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कापला तो पावडरीसाठी नाही, डब्यावर जे काय छापलंय त्यासाठी. नाव लिहीत नाही, बाजारात एकाच छापाचे असे डबे पुष्कळ आहेत.

आमचे खाडीत जिताड्याचे पिंजरे, बीज, म्हणजे माशाची पिल्लं, तामिळनाडूच्या हॅचरीतनं येतं. जिताडा लहान असताना आपल्याच भावंडांना गिळतो म्हणून सारखं ग्रेडिंग करावं लागतं, मोठे वेगळे छोटे वेगळे, आणि दर ग्रेडिंगला जाळ्यात घासून खवले निघतात. व्हिब्रिओ या रोगजंतूला आत शिरायला तेवढी वाट पुरते. मग मासा काळपट पडतो, खाणं सोडतो, अंगावर लाल चट्टे, शेपटीची झालर कुरतडल्यासारखी. पावसाळ्यात पाण्याचा खारटपणा एकदम उतरला की अजून वैताग. ॲन्टिबायोटिकचं म्हणाल तर क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरानवर बंदीच आहे आणि बाकीचं दिलं तरी आजारी मासा खातच नाही, मग औषध जाणार कुठून पोटात?

पावडरीत बॅसिलस सबटिलिस आणि बॅसिलस लायकेनिफॉर्मिस आहेत. हे जंतू स्पोअर करून राहतात म्हणून फ्रिज लागत नाही, आमच्याकडे पावसात लाईट कशी असते ते सांगायला नको. आतड्यात जाऊन हे जागा अडवतात, व्हिब्रिओला मारक असं काहीबाही सोडतात, थोडी प्रतिकारशक्तीपण वाढते. कल्पना नवीन नाही, 1994 साली फ्रान्समध्ये टर्बोट माशाच्या पिल्लांना रोटिफर या खाद्य म्हणून देतात त्या सूक्ष्म जिवांमधनं लॅक्टिक ॲसिडचे जिवाणू देऊन व्हिब्रिओविरुद्ध टिकाव वाढल्याचं दाखवलं होतं.

वापरायची पद्धत: किलोभर खाद्याला 5 ग्रॅम, जरा साध्या पाण्यात कालवून पेलेटवर शिंपडायची, वरनं फिश ऑइलचा हलका हात, सावलीत पसरून ठेवायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. तेल नसेल तर पेलेट पाण्यात पडल्या पडल्या पावडर धुऊन जाते, दिसतंच ते, पिंजऱ्यात पांढरट ढग उठतो आणि पैसे वाहून जातात.

एक पिंजरा मुद्दाम बिनपावडरीचा ठेवला होता. ग्रेडिंगनंतर मासे दोन्हीकडे मेले, पण पावडरवाले लवकर खाण्यावर आले आणि चट्टेवाले मासे कमी निघाले. लॅबवाल्याने आतड्याचा सॅम्पल टीसीबीएस प्लेटवर लावला, त्यावर व्हिब्रिओच्या पिवळ्या-हिरव्या कॉलनी उगवतात, तर पावडरवाल्याची प्लेट बरीच मोकळी होती. एका पिंजऱ्यावरनं छातीठोकपणे सांगणार नाही, पण पुढच्या बीजाला चालू ठेवलीय.

आता डबा. त्यावर लिहिलंय खाद्यातही द्या, पाण्यातही टाका. दुकानदारपण मागे लागला, साहेब दोन किलो जादा न्या, पाण्यात सोडा. अरे बाबा पिंजरा आहे तो! भरती-ओहोटी दिवसातनं दोनदा, टाकलेलं सगळं पुढच्या गावाला. कोळंबीच्या तळ्यात पाणी अडलेलं असतं, तळाशी गाळ असतो, तिथे टाकणाऱ्याने टाकावं, पिंजरेवाल्याने काय म्हणून? वर 'कोट्यवधी उपयुक्त जिवाणू' असं मोठ्या अक्षरात, पण ग्रॅमला किती सीएफयू, म्हणजे किती जिवंत जिवाणू, ते शोधून सापडत नाही. ते नाही तर दोन डब्यांच्या किमतीची तुलना करणार कशी?

मासे मरायला लागल्यावर धावत जाऊन घेणार असाल तर राहू द्या, त्यावर हा इलाज नव्हेच. बीज सोडल्यापासून रोज द्यायची, ग्रेडिंगच्या आधी तर खाडा नकोच. ॲन्टिबायोटिक चालू असेल तर दोन्ही एकत्र देऊ नका, ते यांनाही मारतं. घेताना बनवल्याची तारीख बघा आणि दुकानाच्या दारात उन्हात रचलेला डबा असेल तर आतला मागून घ्या.