बंद केला की कीर्तन पहिल्यापासून! म्युझिक प्लेअरचा दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

बॅटरी फुगली म्हणून प्लेअर उघडावा लागला, आणि त्यावरून कंपनीशी जी मेलामेली झाली तिच्यामुळेच हे लिहायला बसलोय. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. छोटी स्क्रीन, चार-पाच बटणं, मेमरी कार्ड, ब्लूटूथ, असा हा नेहमीचा स्वस्तातला डबा. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतील.

फोन असताना वेगळा प्लेअर कशाला, असं विचारणाऱ्यांनी एकदा बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीपर्यंत पावसाळ्यात बसने यावं. माझी शाळा त्या बाजूला. रेंज मध्येच जाते, लाईट गेली तर कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे फोनची बॅटरी कॉलसाठी राखून ठेवावी लागते. ऐकायचं म्हणजे मुख्यतः कीर्तनं. खानापूर भागात गावोगावी सप्ताह होतात, तिथलीच फोनवर रेकॉर्ड केलेली. एक कीर्तन साधारण दोन तासांचं. ६४ केबीपीएस मोनो (सेकंदाला ६४ किलोबिट, एकच चॅनेल) केलं तर ५८ एमबीच्या आत बसतं, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पाचशेच्या वर मावतात. जागेची तक्रार करायला तोंडच नाही.

तक्रार एकच आहे, पण ती रोजची आहे. बस स्टँडला पोचली, प्लेअर बंद केला, संध्याकाळी परत चालू केला की कीर्तन पहिल्यापासून. महाराज पुन्हा ‘जय जय राम कृष्ण हरी’पासून सुरू! कोणती फाईल चालू होती हे त्याला आठवतं, आवाज किती होता हेही आठवतं, इक्वलायझर माझ्या मुलाने कधीतरी ‘रॉक’वर नेऊन ठेवला होता तो तर महिनोन्‌महिने इमानेइतबारे आठवत होता. फक्त फाईलमध्ये आपण कुठे होतो तेवढंच विसरतो.

मग बटण दाबून धरायचं आणि पुढे पळवायचं. पळवण्याचा वेग एकच. एक तास वीस मिनिटांवर जायचं तर अंगठा दुखतो, आणि मध्येच बसचा धक्का बसून बोट सुटलं की गाडी भलत्याच ठिकाणी. इथे कोणी इंजिनिअर वाचत असेल तर ऐका: बटण धरून ठेवलं की वेग वाढत गेला पाहिजे, आणि दोनदा दाबलं की सरळ दहा मिनिटं पुढे. याला नवं हार्डवेअर लागत नाही.

कीर्तन कुठे थांबलं ती जागा लक्षात ठेवायलाही नवं हार्डवेअर लागत नाही. फाईलचं नाव आणि ठिकाण मिळून दोनशे बाइट धरा. हजार फायलींचे दोन लाख बाइट. कार्डाच्या हिशेबात धुळीचा कण. शिवाय ही काही नवी मागणी नाही. रॉकबॉक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर जुन्या प्लेअरांवर चालतं, त्यात थांबलं की आपोआप खूण ठेवायची सोय कधीची आहे. ॲपलच्या आयट्यून्समध्येही एखाद्या फाईलपुरता ‘जिथे थांबलात तिथून’ असा पर्याय देता यायचा. माझ्या प्लेअरवर रॉकबॉक्स चढत नाही, म्हणून ही सगळी रड.

वेळ मिनिट-सेकंदात साठवून भागणार नाही, हेही सांगतो. कमी-जास्त बिटरेटच्या (सेकंदाला किती डेटा, तो बिटरेट) एमपी३ फाईलमध्ये सुरुवातीला सहसा कोणती वेळ फाईलमध्ये कुठे आहे ते सांगणारा एक तक्ता असतो, त्यात फक्त १०० टप्पे. दोन तासांचे ७२०० सेकंद, म्हणजे दोन टप्प्यांत ७२ सेकंदांचं अंतर. तेवढ्यावर अंदाज बांधणारा प्लेअर नेमक्या जागी जात नाही, दृष्टान्ताच्या मध्यावर किंवा संपल्यावर नेऊन सोडतो. म्हणून खूण बाइटच्या जागेची ठेवावी. आपल्या हातात इतकंच की फायली स्थिर बिटरेटने करायच्या. मी आता तशाच करतो, पळवणं बरंच नेमकं झालंय.

हे सगळं कंपनीला सविस्तर कळवलं. उत्तर आलं की प्लेअर ‘गाण्यांसाठी’ आहे. बॅटरीबद्दल विचारलं तर म्हणे स्वखर्चाने बेंगळुरूला पाठवा. कुरिअरवाल्याने फुगलेली बॅटरी बघून पार्सलच घेतलं नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. शेवटी बेळगावात खडेबाजारकडे एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. ‘सर, आणखी आठवडाभर ठेवला असता तर स्क्रीन उचलली असती की,’ म्हणत त्याने डोळ्यांसमोर मागचं झाकण सोडवलं, उशीसारखी झालेली बॅटरी पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद सुटी केली आणि तेवढ्याच मापाची दुसरी डाग देऊन बसवली. साडेतीनशे रुपये. कुरिअरचा जाऊन-येऊन खर्चच तेवढा झाला असता.

एका बाबतीत मात्र मत पार फिरलं. घेतला तेव्हा टचस्क्रीन नाही म्हणून नाक मुरडलं होतं. आता ओल्या हाताने, रेनकोटच्या खिशात न बघता बटण सापडतं, तर टचस्क्रीन फुकट दिली तरी नको.

स्क्रीनवरची मराठी मात्र बघवत नाही. ‘विठ्ठल’ची वेलांटी ‘व’ सोडून ‘ठ’च्या डोक्यावर जाऊन बसते. आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या नावातला रफार सुटून ‘र’ पाय मोडून उभा राहतो. आणि कन्नडचे नुसते चौकोन! आईला अभंगही लागतात आणि भीमसेनांची दासवाणीही (कन्नड संतांची पदं). दासवाणीच्या फोल्डरमध्ये ती चौकोन मोजून तिसरं की चौथं ते ठरवते. सीमाभागात विकायचा माल म्हणून नाही, पण भारतात विकताय तर एवढं करा की. आवाज सगळ्या फायलींचा सारखा करणारी रिप्लेगेनची सोयही नाही. जुन्या रेडिओ रेकॉर्डिंगनंतर नवं गाणं लागलं की कानठळ्या.

विसरण्यावर तोडगा म्हणून सध्या कीर्तनं कॉम्प्युटरवर दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत कापून ०१, ०२ असे आकडे देतो. फार तर दहा मिनिटं परत ऐकावी लागतात. पण मग दुसरं दुखणं वर येतं. एमपी३ करताना फाईलच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता जोडली जाते, त्यात हा प्लेअर एक फाईल मिटून दुसरी उघडायला वेळ घेतो आणि सांध्यावरचे शब्द गिळतो. परवा महाराजांनी सासू-सुनेचा किस्सा रंगवत आणला, आणि नेमका सुनेच्या उत्तरावर तुकडा संपला. अर्धा सेकंद गप्प, आणि पुढच्या फाईलची सुरुवात थेट मंडपातल्या हशापासून. सून काय म्हणाली ते घरी येऊन मूळ फाईल लावली तेव्हा कळलं. आता कापताना टाळ वाजत असतील तीच जागा शोधतो.