घडी बसायला किती सामने लागतात? लीग पासवर पाहिलेला निक्सचा एक हंगाम

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ‘लीग पास’ या प्रक्षेपण सेवेची वर्षभराची वर्गणी मी भरली, ती एका जुन्या वादाचा निकाल स्वतःच्या डोळ्यांनी लावावा म्हणून. दोन हंगामांच्या मधल्या सुटीत संघातली माणसे बदलली की ताळमेळ बिघडतो, असे आमच्या मैदानावरची अर्धी मंडळी ठामपणे सांगतात. उरलेली अर्धी म्हणतात की खेळाडू चांगले असले की ताळमेळ आपोआप येतो आणि बाकी सारे हरल्यानंतरचे बहाणे आहेत. दोन्ही पक्षांकडे उदाहरणांची वानवा नसते. हा वाद मोबाइलवरच्या दोन-दोन मिनिटांच्या चित्रफितींवर मिटणारा नाही हे कळून चुकले होते, म्हणून एकच संघ निवडून त्याचे सामने शक्य तितके पूर्ण पाहायचे असे ठरवले. हे लिहिताना, जुलै २०२५ मध्ये, तो हंगाम संपून महिना झाला आहे आणि वर्गणी सत्कारणी लागली की नाही, हे सांगण्याइतका मजकूर जमा झाला आहे.

संघ निवडला तो न्यूयॉर्क निक्स. त्यांनी जुलै २०२४ मध्ये ब्रुकलिन नेट्सकडून मिकाल ब्रिजेसला आणले आणि त्याच्यासाठी पहिल्या फेरीचे पाच ड्राफ्ट हक्क, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे हक्क, मोजले. त्यानंतर सप्टेंबरच्या अखेरीस, सराव शिबिर अगदी तोंडावर आले असताना, मिनेसोटाकडून कार्ल-अँथनी टाउन्सला घेण्याचे ठरले आणि त्याच्या बदल्यात ज्युलियस रँडल व डाँटे डिव्हिन्चेंझो तिकडे गेले. पहिला सामना २२ ऑक्टोबरला होता, म्हणजे टाउन्सला, संघाच्या नव्या सेंटरला (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला), जुळवून घेण्यासाठी जेमतेम तीन आठवडे मिळाले. दुसरीकडे ब्रिजेस आणि निक्समध्ये आधीपासून असलेले जेलन ब्रन्सन व जॉश हार्ट हे तिघे व्हिलानोवा विद्यापीठाच्या २०१६ च्या विजेत्या संघात एकत्र खेळलेले. एकाच घरात एक जुना सोबती आणि एक पूर्णपणे नवा माणूस एकाच वेळी राहायला आला होता. माझ्या प्रश्नासाठी याहून सोयीचा संघ सापडला नसता.

पहिला सामना आपल्याकडे २३ ऑक्टोबरच्या पहाटे पाच वाजता सुरू झाला. बॉस्टनमध्ये सेल्टिक्सने आधी आपल्या विजेतेपदाच्या अंगठ्या वाटून घेतल्या आणि मग एनबीएच्या विक्रमाशी बरोबरी करणारे २९ थ्री पॉइंटर (लांबवरून केलेले तीन गुणांचे बास्केट) टाकून निक्सला १३२-१०९ असे झोडपले. सकाळी चहाच्या वेळी आमच्या गटावर “मोडले घर” असे संदेश येऊ लागले होते. असा निकाल पहिल्या रात्रीच लावणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की केव्हिन ड्युरांट आल्यानंतरचा गोल्डन स्टेट वॉरियर्सचा पहिला सामना, ऑक्टोबर २०१६ मध्ये, त्यांनी घरच्या मैदानावर २९ गुणांनी गमावला होता. त्याच संघाने पुढे ६७ सामने जिंकले आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, १६ विजय व एकच पराभव अशी कामगिरी करून विजेतेपद नेले. लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश आल्यावर मायामी हीटचे पहिले १७ सामने ९ विजय, ८ पराभव असे गेले आणि तो हंगाम ५८ विजयांवर थांबला. याच्या उलट २०१२ मध्ये स्टीव्ह नॅश आणि ड्वाइट हॉवर्ड यांना आणणाऱ्या लेकर्सनी अवघ्या पाच सामन्यांनंतर प्रशिक्षक माइक ब्राउन यांना काढले, आणि तरीही त्यांची घडी शेवटपर्यंत बसली नाही. सुरुवातीचे आकडे दोन्ही बाजूंना साक्ष देतात, म्हणून ते कोणाच्याच कामाचे नाहीत.

मग पाहायचे काय? इथेच या सेवेचा खरा उपयोग सुरू झाला. लीग पासवर सामना थेट पाहता येतो, संपल्यावर पूर्ण पुन्हा पाहता येतो, आणि ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी मधला सगळा रिकामा वेळ कापून काही मिनिटांत आटोपणारी संक्षिप्त आवृत्तीही असते. पहिला महिनाभर मी नोकरी सांभाळून बहुतेक सामने संक्षिप्त आवृत्तीतच पाहिले आणि निक्सचे सगळे उत्तम चालले आहे असे माझे मत झाले. टाउन्स बाहेरून थ्री पॉइंटर टाकत होता, ब्रन्सनला आत शिरायला पूर्वी कधी नव्हती एवढी मोकळी वाट मिळत होती, गुण धडाधड वाढत होते. नोव्हेंबरच्या अखेरीस एका रविवारी तेच सामने पूर्ण लावून बसलो, तेव्हा डोळे उघडले.

ताळमेळ बिघडतो तो बास्केट करताना फारसा दिसत नाही, तो दिसतो बचावात, आणि तोही चेंडूपासून दूर. प्रतिस्पर्ध्याचा गार्ड, म्हणजे चेंडू हाताळणारा खेळाडू, स्क्रीनभोवती, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या आपल्या सोबत्याभोवती, वळतो, ब्रन्सन त्या स्क्रीनमध्ये अडकतो, टाउन्सने पुढे येऊन वाट अडवायची की मागे सरकून बास्केट राखायची याचा निर्णय अर्ध्या सेकंदात व्हायला हवा असतो. तो ना पुढे येतो ना मागे जातो, मधेच उभा राहतो. आता कोपऱ्यातून निक्सच्याच ओजी अनुनोबीने आत मदतीला यायला हवे, पण टाउन्स काय करणार हे त्याला ठाऊक नसल्यामुळे तो एक पाऊल थांबून पाहतो, आणि त्या एका पावलात कोपऱ्यातला नेमबाज मोकळा होतो. कागदावर हा थ्री पॉइंटर अनुनोबीच्या माणसाने टाकलेला दिसतो. चूक मात्र पाच मीटर पलीकडे, दोन माणसांच्या न झालेल्या बोलण्यात असते. संक्षिप्त आवृत्तीत यातला शेवटचा फटका तेवढा राहतो. फाउलनंतर टाउन्सने तळहात वर करून “तू येणार होतास ना?” असे विचारणे, प्रशिक्षक टॉम थिबोडो यांचे कडेला उभे राहून ओरडणे, पुढच्या खेपेला तोच प्रसंग आल्यावर दोघांनी तो कसा निभावला, हे सगळे कात्रीत जाते. एखाद्या नाटकाचे फक्त टाळ्यांचे प्रसंग पाहून नटांचे एकमेकांशी जमते का हे सांगण्यासारखेच ते झाले.

शनिवार-रविवारी मी शाळेच्या एका संघाला शिकवतो, तिथेही हाच अनुभव आहे. मे महिन्याच्या सुटीत दोन नव्या मुली आल्या की जूनमध्ये त्या गुण भरपूर करतात, पण बचावात दोघी एकाच माणसावर धावत जाणे थांबायला गणपती उजाडतात. त्यांची मैत्री मात्र पहिल्या आठवड्यातच झालेली असते. ताळमेळ या शब्दात आपण मैत्री आणि सवय या दोन गोष्टी एकत्र कोंबतो, आणि माणसे बदलल्यावर मोडते ती यातली दुसरी.

घरच्या संघाचे किंवा पाहुण्या संघाचे प्रक्षेपण निवडण्याची सोय मला सुरुवातीला शोभेची वाटली होती, प्रत्यक्षात तिनेच सर्वात जास्त शिकवले. निक्सच्या बाजूने माइक ब्रीन आणि वॉल्ट फ्रेझर बोलतात. फ्रेझर हे १९७० आणि १९७३ च्या विजेत्या निक्स संघांचे गार्ड. पहिल्या फळीतल्या, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पाच, माणसांची बारीकसारीक सवय त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तोच सामना प्रतिस्पर्ध्याच्या समालोचकांकडून ऐकला की मात्र न्यूयॉर्कचे कोणते छिद्र त्यांनी हेरून ठेवले आहे ते कळते. हंगामाच्या उत्तरार्धात ते छिद्र सर्वांनाच सापडले होते. प्रतिस्पर्धी आपला सेंटर हार्टवर ठेवू लागले, कारण हार्टचा बाहेरचा नेम त्यांना धोक्याचा वाटत नव्हता, आणि टाउन्सवर कडेने खेळणारा एखादा चपळ विंग खेळाडू सोडू लागले, जो ब्रन्सनसाठी स्क्रीन लागली की टाउन्सला सोडून बिनदिक्कत ब्रन्सनलाच अडवू शके. टाउन्सला आणण्याचा जो मूळ हेतू, सेंटरला बास्केटपासून दूर ओढण्याचा, तोच त्यामुळे निम्मा निकामी झाला. ही मनांच्या न जुळण्याची गोष्ट नव्हती. हार्टसारखा झटून खेळणारा, सर्वांचा लाडका माणूस केवळ शेजारी आलेल्या नव्या माणसामुळे अडचणीचा ठरला, आणि सुटीतल्या फेरबदलांची खरी किंमत मला तिथे समजली.

निक्सची पहिली फळी त्या हंगामात लीगमधील कोणत्याही पाच जणांपेक्षा अधिक मिनिटे एकत्र खेळली. ब्रिजेसने ८२ पैकी ८२ सामने खेळले. तरीही सेल्टिक्स, क्लीव्हलँड आणि ओक्लाहोमा सिटी या तीन अव्वल संघांविरुद्धचे दहाच्या दहा सामने त्यांनी गमावले. सहवासाने सगळे सुटते, अशी माझी जी समजूत होती ती इथे डळमळली. हंगाम ५१ विजयांवर संपला आणि मी मनातल्या मनात निकाल लिहून टाकला: बदल महागात पडला.

तो निकाल मे महिन्यात मला फाडून टाकावा लागला. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत समोर तेच सेल्टिक्स, आदल्या वर्षीचा विजेता संघ जवळजवळ जसाच्या तसा राखलेले. पहिल्या दोन्ही सामन्यांत बॉस्टनमध्ये निक्स २० गुणांनी मागे पडले आणि दोन्ही जिंकले. पहिला सामना अतिरिक्त वेळेत १०८-१०५ असा संपला तो ब्रिजेसने जेलन ब्राउनच्या हातातून चेंडू हिसकावल्यामुळे, आणि दुसरा ९१-९० असा संपला तोही ब्रिजेसनेच जेसन टेटमकडून चेंडू काढून घेतल्यामुळे. दुसऱ्या सामन्याचा तो शेवट मी सहा-सात वेळा मागे नेऊन पाहिला. ब्रिजेसच्या झेपेपेक्षा बाकीच्यांकडे पाहण्यासारखे होते: टेटम आत वळला तेव्हा त्याच्याभोवती माणसे गोळा झाली, कोणी थांबून दुसऱ्याकडे पाहिले नाही. ऑक्टोबरमधले ते हरवलेले पाऊल आता पडत होते. चौथ्या सामन्यात टेटमच्या टाचेमागचा स्नायुबंध (अकिलीस टेंडन) तुटला हे खरे, पण तो सामनाही निक्सच्या खिशात जात होता. मालिका त्यांनी ४-२ अशी घेतली आणि २००० नंतर प्रथमच पूर्व विभागाची अंतिम फेरी गाठली.

तिथे इंडियाना पेसर्स भेटले आणि वादाला पुन्हा फाटे फुटले. पहिल्या सामन्यात तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला असताना निक्स १४ गुणांनी पुढे होते. आरोन नेस्मिथने चौथ्या भागात सहा थ्री पॉइंटर टाकले, टायरीस हॅलिबर्टनचा शेवटचा चेंडू रिंगवर आदळून आकाशात गेला आणि खाली येऊन आत पडला, आणि पेसर्सनी अतिरिक्त वेळेत १३८-१३५ असा सामना मारला. तिसऱ्या सामन्यापासून थिबोडोंनी हार्टला बसवून मिचेल रॉबिन्सनला सुरुवात करू दिली, म्हणजे हंगामभर जपलेली फळी मेअखेरीस मोडली. मालिका ४-२ अशी गेली. आता म्हणावे, पेसर्स जिंकले कारण त्यांनी सुटीत संघाला फारसा हात लावला नव्हता. पण याच न बदललेल्या पेसर्सची सुरुवात १० विजय आणि १५ पराभव अशी झाली होती! त्यांना अंतिम सामन्यांत हरवणाऱ्या ओक्लाहोमाने तर त्या सुटीत आयझाया हार्टेनस्टाइन आणि ॲलेक्स करूसो अशी दोन महत्त्वाची माणसे नव्याने घेतली होती आणि त्यांचे काहीच अडले नाही, कारण दोघेही चेंडू न मागणारे, आधीच्या कोणाचेही काम हिरावून न घेणारे होते. टाउन्सच्या येण्याने पाचही जणांच्या उभे राहण्याच्या जागा बदलल्या. करूसोच्या येण्याने कोणाचीच नाही. बदल किती झाले हे मोजण्यापेक्षा बदलामुळे किती जणांचे काम बदलले हे मोजावे, असे आता माझे मत आहे.

सेवेविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळे मागे जातात, त्यामुळे न्यूयॉर्कचे संध्याकाळी साडेसातचे सामने त्यानंतर आपल्याकडे पहाटे पाचऐवजी सहाला सुरू होतात. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने तर सकाळी साडेआठ-नऊला लागतात, म्हणजे कचेरीच्या वेळेवरच गदा येते. अशांसाठी गुणफलक झाकून ठेवण्याची सोय आहे आणि ती जरूर वापरावी, जरी घरच्या गटावरचा उत्साही भाचा ती निष्फळ करतो. माझ्याकडे त्या हंगामात दोनदा ऐन चौथ्या भागात चित्र गोठले, पण दोन्ही वेळा दोष आमच्या भागातल्या इंटरनेटवाल्याचा होता. एक मर्यादा कोणत्याही दूरचित्रवाणी प्रक्षेपणाला असते तीच इथेही जाणवते: कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि कोपऱ्यातला माणूस चौकटीबाहेर राहतो, त्यामुळे ताळमेळ पाहणाऱ्याला पुष्कळदा परिणामावरून कारणाकडे जावे लागते. ज्यांना आठवड्याला एखादा सामना आणि ठळक क्षण पुरतात त्यांनी पूर्ण वर्गणीचा खर्च करू नये. एका संघाच्या मागे ऑक्टोबर ते मे चिवटपणे लागायची तयारी असेल, तर मात्र माझ्या माहितीत याला पर्याय नाही.

मी वर्गणी पुन्हा भरणार आहे. थिबोडोंना जूनमध्ये निक्सने निरोप दिला आणि त्यांच्या जागी तेच माइक ब्राउन आले आहेत, ज्यांना २०१२ मध्ये लेकर्सनी पाच सामने दिले होते. खेळाडू बहुतांशी तेच, पण त्यांना सांगणारा आवाज नवा. पेसर्सकडून मायल्स टर्नर दहा हंगामांनंतर मिलवॉकीला गेला, तेव्हा तिकडच्या सामन्यांसाठीही दोन-चार पहाटे झोप मोडावी लागणार.