सुट्टीत मुलांना कोणता दाखवू: ‘सुपरमॅन’ की ‘फँटास्टिक फोर’?

मे महिन्यात आमच्या डिचोलीच्या घरी भाचरं जमतात. दिवसभर मानकुराद आंबे, फणस आणि पत्ते. रात्री जेवणं आटोपली की ओसरीच्या पांढऱ्या भिंतीवर एक सिनेमा. घरात कॉमिक्स वाचणारा मी, म्हणून निवड माझ्याकडे. परवा ताईचा फोन आला. "यंदा सुपरहीरोचा एकच दाखव. पण नीट बघून ठरव. धाकटा आठ वर्षांचा आहे, आणि थोरल्याला आता सगळं कळतं." थोरल्याला तेरावं लागलंय. माझ्या डोक्यात दोन नावं होती आणि दोन्ही मनापासून आवडलेली, त्यामुळे ‘एकच’ म्हटल्यावर मी अडकलो. तिला फोनवर जे तुटक-तुटक सांगितलं, ते इथे सविस्तर लिहितो. तुमच्याही घरी हाच प्रश्न असेल तर उपयोगी पडेल. कथा थोडी फुटेल, त्याला इलाज नाही.

दोन्ही सिनेमे २०२५च्या जुलैतले. जेम्स गनचा ‘सुपरमॅन’ ११ तारखेला आला आणि मॅट शॅकमनचा ‘द फँटास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’ २५ला. अमेरिकेत यांना उन्हाळी सिनेमे म्हणतात, कारण तिकडे शाळांना सुट्टी तेव्हा असते. आपल्याकडे पहिला ऐन आषाढात लागला आणि दुसरा श्रावणाच्या पहिल्या दिवशी. दोन्ही वेळा मी थोरल्या भाच्याला घेऊन, मुसळधार पावसात आमोणे-खांडोळ्याच्या पुलावरून जुने गोवें करत पणजी गाठली. २००४मध्ये इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा जुन्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारात जे मल्टिप्लेक्स उभं राहिलं, तिथे दोन्ही बघितले. घरी परत एकेकदा बघितले, ते आईबरोबर. मुलांची ती आजी, आणि तिचं मत पुढे येणार आहे.

तुलना करायची तर आधी माप ठरवायला हवं. माझं माप लहानपणापासून एकच आहे. बाबांनी जपून ठेवलेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या गठ्ठ्यात मला पहिला सुपरहीरो भेटला, तो वेताळ. ली फॉकने १९३६मध्ये निर्माण केलेला फँटम मराठीत वेताळ झाला होता. आता गोव्यातल्या मुलाला वेताळ काय परका? आमोण्याला बेताळाचं देऊळ आहे, तिकडे काणकोणात लोलयें आणि पैंगीणलाही आहे. रात्री तो गावाच्या शिवेवरून फिरतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहतात, असं आजी सांगायची. मला वाटायचं, पुस्तकातला आणि देवळातला वेताळ एकच. वय वाढलं तसं ते दोन वेगळे झाले, पण माप तिथेच पक्कं झालं. सुपरहीरो म्हणजे राखणदार. त्याची ताकद किती, यापेक्षा रात्री तो कुणाच्या दारावरून फेरी मारतो हे मला महत्त्वाचं. बाकी स्फोट, उडत्या गाड्या, कोसळणाऱ्या इमारती दोन्हीकडे भरपूर आहेत. त्यावर इथे शब्द खर्च करत नाही.

‘सुपरमॅन’ या मापाला सिनेमाभर उतरतो. सुरुवातच हरण्याने होते. आयुष्यातली पहिली लढाई हरलेला सुपरमॅन आकाशातून बर्फात आदळतो. हाडं मोडलीत, श्वास घेता येत नाही. तो कशीबशी एक शीळ घालतो आणि लांबून बर्फ उडवत एक पांढरा कुत्रा धावत येतो. क्रिप्टो. आल्या आल्या मालकाच्या मोडक्या बरगड्यांवर आनंदाने उड्या मारतो, मग त्याचा झगा तोंडात धरून त्याला फरपटत घरी नेतो. थिएटरातली सगळी मुलं इथे मोठ्याने हसली आणि मीही हसलो. १९५५पासून हा कुत्रा कॉमिक्समध्ये आहे. मोठ्यांच्या सिनेमात असलं काही शोभत नाही, म्हणून वर्षानुवर्षं त्याला बाहेर ठेवलं गेलं. गनने त्याला पहिल्याच प्रसंगात आणला तेव्हा मी निश्चिंत झालो. या माणसाला सुपरमॅन मुलांचा आहे हे कळलेलं होतं.

पुढे शहरात एक अवाढव्य प्राणी धुमाकूळ घालतो. त्या गोंधळात सुपरमॅनला एक खार दिसते. तो तिला उचलतो आणि सुरक्षित जागी नेऊन ठेवतो. दोन-तीन सेकंदांचं काम. अख्खं शहर वाचवणारा नायक शंभर सिनेमांत बघितला, पण खारीसाठी वाकणारा नायक मला फक्त कॉमिक्समध्ये भेटला होता. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांची ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ ही बारा अंकांची मालिका २००५ ते २००८मध्ये आली आणि गनने तिच्यातून प्रेरणा घेतली. तिच्या दहाव्या अंकात एक पान आहे. इमारतीच्या कठड्यावर एक मुलगी उभी आहे, खाली उडी टाकण्याच्या बेतात. सुपरमॅन मागून येतो, चार धीराचे शब्द बोलतो आणि तिला जवळ घेतो. मारामारी नाही, खलनायक नाही, एकच पान. मी ते कितीदा उघडलं असेल याची गणती नाही. सिनेमातली खार त्या पानाची नात्यातली आहे.

‘फँटास्टिक फोर’चं बळ दुसरीकडे आहे. चार माणसांचं एक कुटुंब: शास्त्रज्ञ रीड, त्याची बायको सू, तिचा भाऊ जॉनी आणि मित्र बेन, ज्याचं शरीर दगडाचं झालंय. १९६१मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी हे कुटुंब उभं केलं, तेव्हा आपापसांत भांडणारे, रुसणारे नायक ही नवलाईच होती. सिनेमाने ते साठचं दशकच पडद्यावर आणलंय. गोल कडांच्या गाड्या, जाड काचांचे टीव्ही, भविष्याबद्दल भाबडा विश्वास असलेले रंग. या जगाला सिनेमात ८२८ हा आकडा दिलाय, तो कर्बीच्या जन्मदिवसावरून, २८ ऑगस्ट, अमेरिकी पद्धतीने ८/२८. असला मान दिलेला बघून डोळे भरून आले.

मग ग्रह गिळत हिंडणारा गॅलॅक्टस येतो. मूळ कथा १९६६ची, ४८ ते ५० क्रमांकांच्या तीन अंकांतली. सिनेमात गॅलॅक्टस सौदा करायला बसतो: सूच्या पोटातलं बाळ द्या, पृथ्वी सोडतो. आईबाप नाही म्हणतात. पृथ्वीवर परतल्यावर लोकांना हे कळतं आणि काल टाळ्या वाजवणारेच घराबाहेर ओरडायला लागतात. सू बाळाला छातीशी धरून त्यांच्यासमोर जाते आणि सांगते, जगासाठी मी माझं मूल देणार नाही, आणि मुलासाठी हे जगही जाऊ देणार नाही.

आईचं मत आलं ते इथे. दर श्रावणी सोमवारी ती शिवलीलामृत वाचते. श्रियाळ-चांगुणेची कथा तिला पाठ आहे. अतिथीच्या रूपाने शंकर येतो, चिलया बाळाचं मांस मागतो आणि चांगुणा काळजावर दगड ठेवून मुलाला उखळात कांडते. आई बराच वेळ भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "चांगुणेनं दिला, कारण मागणारा देव होता. शेवटी त्यानं बाळ परत दिलं." थोडं थांबून कोकणीत पुटपुटली, "हो देव न्हय." आणि पदर सावरून नीट पुढे सरकून बसली. एरवी ती अर्ध्यावर उठून झोपायला जाते. हा तिने नामावलीपर्यंत बघितला. तीस वर्षं कॉमिक्स वाचूनही गॅलॅक्टस आणि चांगुणा मी कधी एकत्र ठेवून पाहिले नव्हते. त्या दिवसापासून हा प्रसंग मला वेगळा दिसतो. मोठं काही वाचवायचं असेल तर लहानाचा बळी द्यावाच लागतो, हे गणितच सू मान्य करत नाही.

तरी मापाला लावल्यावर ‘फँटास्टिक फोर’ एका जागी कमी पडतो, आणि ती जागा मला खुपते. ती गर्दी. लोटलीच्या मारियो मिरांडांची बाजाराची चित्रं आपल्याला माहीत आहेत. शंभर माणसं असली तरी प्रत्येक जण आपल्या कामात: कुणी मासळीची घासाघीस करतंय, कुणी भलतीकडेच डोळे लावून बसलंय, खाली एक कुत्रं आहेच. ‘फँटास्टिक फोर’मधले न्यूयॉर्ककर तसे नाहीत. ते सगळे एकदम टाळ्या वाजवतात, एकदम चिडतात, एकदम तळघरात शिरतात. त्यातला एकही चेहरा आठवत नाही. ज्यांची राखण करायची ते लोकच धूसर राहिले. ‘सुपरमॅन’मध्ये फलाफल विकणारा माली आहे. दोन-तीनच प्रसंग, पण पडलेल्या सुपरमॅनला हात द्यायला तो खड्ड्यात उतरतो आणि तेवढ्यात आपलासा होतो.

आणि याच मालीमुळे ताईला मी सावध केलं. खलनायक लेक्स लुथर सुपरमॅनसमोर मालीच्या डोक्याला पिस्तूल लावतो, पुन्हा पुन्हा चाप ओढतो आणि शेवटी गोळी सुटते. रक्ताचा सडा नाही, पण प्रसंग क्रूर आहे आणि अचानक येतो. पणजीच्या थिएटरात थोरल्या भाच्याने अंधारात माझा हात घट्ट धरला आणि तो प्रसंग संपल्यावरही बराच वेळ सोडला नाही. परतताना पुलावर आल्यावर त्याने विचारलं, "मामा, सुपरमॅन तिथेच होता ना? मग का नाही वाचवलं?" मी म्हटलं, तो कोंडलेला होता, त्याच्यात ताकद उरली नव्हती. त्याला ते पटलं नाही, आणि पटू नये असंच मलाही वाटलं. आठ वर्षांच्या मुलाला या प्रश्नाबरोबर झोपवू नये. आपल्या सेन्सॉरने या सिनेमातलं ३३ सेकंदांचं चुंबन कापलं आणि हे ठेवलं. मुलांसाठी कात्री चालवायचीच होती तर ती इथे चालायला हवी होती, असं मला अगदी प्रामाणिकपणे वाटतं.

‘फँटास्टिक फोर’मध्ये भीती आहे, पण गोष्टीतल्या राक्षसाची. गॅलॅक्टस इमारतींच्या वर डोकं काढून चालतो तेव्हा धाकटे घाबरतील आणि आईच्या कुशीत शिरतील; सकाळी अंगणात तेच गॅलॅक्टस होऊन चालतील. अवकाशयानातलं बाळंतपण आहे, ते सभ्यपणे घेतलंय. शेवटाकडे सू काही क्षण गेल्यासारखी वाटते. तेवढ्यापुरतं मूल जवळ घेऊन बसा.

लांबीचं म्हणाल तर ‘सुपरमॅन’ २ तास ९ मिनिटं आणि ‘फँटास्टिक फोर’ १ तास ५५ मिनिटं. आकड्यांत फरक थोडा, पण ‘सुपरमॅन’मध्ये माणसं फार आहेत. ग्रीन लँटर्न, हॉकगर्ल, मिस्टर टेरिफिक, दोन भांडणारे देश, शिवाय ‘पॉकेट युनिव्हर्स’ नावाचं एक छोटं वेगळं विश्व. कॉमिक्स न वाचणारा मधेच विचारतो, हा कोण आणि तो कुठून आला. ‘फँटास्टिक फोर’ला मागचं-पुढचं काही बघावं लागत नाही, चार माणसं, एक बाळ, एक संकट. शेवटच्या नावांमधला तुकडा मात्र पुढच्या सिनेमासाठी आहे, तो सोडला तरी चालेल.

भाषेचं सांगायचं तर दोन्ही हिंदीतही आले. धाकट्यांसाठी हिंदी लावा. पण ‘सुपरमॅन’मध्ये पत्रकार लोइस त्याची मुलाखत घेते, तो लांबलचक प्रसंग शक्यतो मूळ इंग्रजीत ऐका. प्रेमात असलेली दोन माणसं एका प्रश्नावरून चढत्या आवाजात भांडतात: युद्ध थांबवायला तू कुणाला विचारून गेलास? तिचं बरोबर आहे आणि त्याचंही. तेराच्या पुढच्या मुलांशी बोलायला याहून चांगला विषय मिळायचा नाही. आणि एक गोष्ट त्यांना जरूर सांगा: जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन पोरांनी सुपरमॅन निर्माण केला आणि १९३८मध्ये त्याचे सगळे हक्क १३० डॉलरना विकून टाकले. गनने आपलं मेट्रोपोलिस त्याच क्लीव्हलँडच्या रस्त्यांवर चित्रित केलं.

तर निवड. घरात दहाच्या आतलं मूल असेल, आजी-आजोबा बसणार असतील, किंवा कॉमिक्सशी कुणाचा संबंध नसेल, तर बिनधास्त ‘फँटास्टिक फोर’ लावा. मुलं बाराच्या पुढची असतील तर ‘सुपरमॅन’, आणि मालीच्या प्रसंगाला तुम्ही शेजारी असा. माझ्यापुरतं विचाराल तर मी ‘सुपरमॅन’च परत बघेन, त्यातली खार माझ्या मनातून जात नाही. पैसे मोजून कॉमिक घ्यायचं असेल तर ‘ऑल-स्टार’चा एकत्रित खंड घ्या. १९६६चे ते तीन अंक नंतर, कारण त्यातली जुन्या वळणाची इंग्रजी मुलांना जड जाते. चित्रं मात्र आधी दाखवायला हरकत नाही.

ताईला मी ‘फँटास्टिक फोर’ सांगितलाय. पहिल्या शनिवारी रात्री भिंतीवर तो लागेल, धाकट्याला आजीच्या मांडीवर जागा. थोरल्याला ‘ऑल-स्टार’ आधीच देऊन ठेवलंय, दहाव्या अंकातल्या त्या पानावर आंब्याच्या पानाची खूण घालून.