चोर्ला की आंबोली? घोळक्याने बाईक काढणाऱ्यांसाठी

जुलै लागला, पाऊस रुळला, की म्हापशातल्या बाईकवाल्यांत शनिवारी रात्री एकच वाद रंगतो: उद्या चोर्ला की आंबोली? चोर्ला गोव्यातून बेळगावकडे चढतो, आंबोली महाराष्ट्रात सावंतवाडीकडून. दोन्ही घाट मी पावसात आणि उन्हात, एकट्याने आणि घोळक्याने पुष्कळदा केले आहेत. आमच्या ग्रुपची वाट कुठे वळवायची हे ठरवायचं कामही बहुधा माझ्याकडेच येतं. एकटा जाणारा कुठेही जावो, त्याला दोन्ही घाट सारखेच आनंद देतात. पण सात-आठ गाड्या, त्यात दोन-तीन जोडपी, एखादी रोज ऑफिसला न्यायची स्कूटर आणि पहिल्यांदाच घाट चढणारा एखादा नवशिका, असा गोतावळा घेऊन निघायचं असेल तर नीट विचार करावा लागतो. हा आढावा तशांसाठी.

अनमोड आणि तिळारी या दुसऱ्या दोन घाटांचं आधी उरकून घेतो. अनमोड म्हणजे हमरस्ता. मोले सोडलं की दोन्ही बाजूंना अभयारण्याचं दाट रान लागतं, ते सुंदरच आहे. पण पुढे ट्रक, मागे ट्रक आणि चढावर तोंडावर धूर, यात घोळक्याला मजा येत नाही. परतीला उतरण्यापुरता तो ठीक. तिळारी दोडामार्गावरून जवळ पडतो, पण रस्ता अरुंद, वळणं आवळ आणि चढ उभा. नवशिक्याला, किंवा मागे कोणी बसलं असेल त्याला, पावसात तिथे नेऊ नये असं माझं मत. राहिले दोन.

आंबोलीचं पारडं मुळात जड आहे, हे मान्यच करायला हवं. पत्रादेवी, बांदा, आणि बांद्याहून सावंतवाडीत न शिरता थेट दाणोली, ही वाटच आधी मन जिंकते. लावणीच्या दिवसांत दोन्ही बाजूंना शेतं माणसांनी भरलेली असतात. फक्त एक जपायचं: शेतातून पॉवर टिलर जिथे रस्त्यावर चढतात तिथे डांबरावर चिखलाचा पातळ थर बसलेला असतो. वळणात तो दिसला की ब्रेकला हात लावायचा नाही, गाडी सरळ ठेवून सावकाश पार व्हायचं. दाणोलीला साटम महाराजांच्या समाधी मंदिरापाशी सगळ्या गाड्या गोळा करता येतात, तिथून घाट सुरू.

हा घाट इंग्रजांनी वेंगुर्ल्याचं बंदर आणि बेळगावची छावणी जोडण्यासाठी काढला. बैलगाड्यांचा जमाना होता, म्हणूनच की काय, चढ अंगावर येत नाही. शंभर सीसीची गाडी दोघांना घेऊन कुरकुर न करता चढते. वर्षाला ७००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडणारी ही जागा, तेव्हा कड्यावरून पाणी कोसळण्याला तोटा नाही. वर पोचल्यावर गरम जेवण मिळतं, ओले कपडे बदलायला खोली मिळते, मुक्काम करायचा तर तोही होतो. हिरण्यकेशी नदीचा उगम आहे, कावळेसादचा कडा आहे, नांगरतासचा धबधबा आहे. घरातली वडीलधारी मंडळी मागून कारने येणार असतील तर मी डोळे मिटून आंबोली सांगेन. आठवड्याच्या मधल्या दिवशी, मंगळवारी-बुधवारी, सुट्टी काढता येत असेल तरीही आंबोलीच.

पण आपल्यातल्या किती जणांना एकाच बुधवारी सुट्टी मिळते? घोळका जमतो तो रविवारी. आणि रविवारीच आंबोलीचं ते एक दुखणं वर येतं, ज्यापायी माझा कौल हळूहळू फिरला.

मुख्य धबधबा अगदी रस्त्याला लागून आहे. पायऱ्या चढलं की थेट पाण्याखाली. म्हणजे कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडी, गोवा, चारी बाजूंनी येणाऱ्या प्रत्येकाला नेमकं तिथेच थांबायचं असतं. सकाळचे दहा वाजले की धबधब्याच्या बऱ्याच अलीकडून दोन्ही कडांना गाड्या लागलेल्या असतात आणि मध्ये उरते ती एका मोटारीपुरती वाट. त्यात वरून एखादी बस उतरली की सगळं ठप्प.

बाईकवाल्याला वाटतं आपण कडेने निसटू. पहिल्या दोन-तीन गाड्या निसटतातही. चौथी अडकते, आणि मागच्या सगळ्या अडकतात. आता मागच्या गाडीवर काय चाललंय ते बघा. रस्ता चढाचा, पाऊस उभा, मागे बायको, आणि समोरच्या कारचा लाल दिवा हातभर अंतरावर. चढावर नुसत्या पुढच्या ब्रेकवर गाडीचा भरवसा नाही. भार सगळा मागच्या चाकावर असतो, त्यामुळे पुढचं चाक ओल्या डांबरावरून मागे घसरू पाहतं. म्हणून उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा जमिनीवर, डावा हात हाफ क्लचवर. अर्ध्या मिनिटाने गाडी दोन हात पुढे, पुन्हा थांबा. असं थोडा वेळ चाललं की मनगट भरून येतं, हेल्मेटची काच आतून धुरकटते आणि कुठून तरी क्लच प्लेट जळाल्याचा करपट वास यायला लागतो. तो आपल्याच गाडीचा की शेजारच्याच्या, हेही कळत नाही. जड गाड्यांचे हाल जास्त. स्कूटरला क्लचचं दुखणं नाही, पण बसकी असल्याने ती उडणाऱ्या चिखलपाण्यात न्हाऊन निघते.

एवढंच असतं तर सोसलं असतं. खरा त्रास पुढे आहे. पुढच्या तीन गाड्या वर बाजारात पोचून वाट बघत उभ्या, मागच्या पाच खाली. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रेनकोटच्या आत. वरचे म्हणतात, बघून येतो, आणि एकजण परत खाली उतरतो. तोही त्या गर्दीत शिरतो. मग खालचे वर येतात तेव्हा हा खाली असतो. सगळे एकत्र येईपर्यंत भूक आणि वैताग इतका वाढलेला असतो की कावळेसादला जायचा उत्साहच उरत नाही. नवशिका तर गप्प होऊन बसतो. घोळक्याने निघायचं ते एकमेकांना आरशात बघत, वळणावर मागच्याचा दिवा दिसला की पुढचा गिअर टाकत जाण्यासाठी. तेच हरवलं तर आठ जणांनी आठ वेगळ्या सहली केल्या, एवढाच त्याचा अर्थ.

आता चोर्ला. अस्नोडा, डिचोली, साखळी, मोर्ले, केरी. साखळीला भाजी-पाव आणि मिरची भजी खाऊन घ्यायची, कारण वर खाण्याची चंगळ नाही. पेट्रोलही तिथेच भरावं. ते गोव्यात शेजारच्या दोन्ही राज्यांपेक्षा स्वस्त पडतं, आणि पुढे रानात पंपाच्या भरवशावर राहू नये. केरी सोडलं की घाट लागतो. थोडं वर चढलं की एका वळणावर झाडी उघडते आणि खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसतं. भर पावसात ते राखाडी असतं, ढग सरकला की मिनिटभर हिरवं होतं, आणि पुन्हा पांढरा पडदा. तिथे थांबल्याशिवाय आमची एकही गाडी पुढे गेलेली मला आठवत नाही.

हा सगळा भाग म्हादई अभयारण्याच्या अंगाला आहे. १९९९ साली ते जाहीर झालं आणि २०८ चौरस किलोमीटरचं रान राखलं गेलं. त्याची किंमत घाट चढताना कळते. वाटेत हॉटेलांची रांग नाही, पाट्या नाहीत, कानावर फक्त पाणी आणि इंजिन. चोर्ल्याचे नावाजलेले धबधबे, वज्र सकला वगैरे, रस्त्यापासून दूर दरीत आहेत. तिथे जायचं तर वनखात्याची परवानगी आधी विचारून घ्यायला हवी, आणि भर पावसात जाऊच नये.

माझ्या दृष्टीने हाच या घाटाचा मोठा गुण. रस्त्याला लागून असं एकही ठिकाण नाही, जिथे येणाऱ्या प्रत्येकाला थांबायचंच असतं. रविवारी गर्दी चोर्ल्यालाही असते, कमी नसते, पण ती पांगते. कोणी धरणाच्या वळणावर, कोणी कड्यावरून येणाऱ्या एखाद्या ओहळापाशी, कोणी वर पठारावर. कित्येक ठिकाणी डांबराच्या बाहेर इतपत जागा सापडते की आठ गाड्या वळणापासून लांब, रस्ता मोकळा ठेवून उभ्या राहतात. मागची गाडी आली, मोजणी झाली, पुढे चला. आमच्यात सर्वांत हळू चालवणारा दुसऱ्या नंबरवर असतो आणि सर्वांत मुरलेला शेवटी. ही रचना चोर्ल्याला शेवटपर्यंत टिकते. आंबोलीला ती धबधब्यापाशी मोडते.

चोर्ल्याच्या उणिवा लपवायचं कारण नाही. पहिली धुक्याची. आंबोलीलाही धुकं असतं, पण तिथे माणसांची, दुकानांची सोबत असते. चोर्ल्याच्या माथ्यावर ते उतरलं की समोरच्या गाडीचा मागचा दिवा तेवढा आधार. अशा वेळी हाय बीम लावला तर पांढरी भिंतच उभी राहते, म्हणून डिपरवरच चालवायचं, काच बोटभर उघडी ठेवायची आणि वेग सर्वांत सावकाश माणसाचा. दुसरी उणीव नेटवर्कची. मध्येच कोणाचं टायर बसलं तर फोन लागेलच असं नाही, म्हणून पंक्चरचं सामान आणि हवेचा छोटा पंप ग्रुपमध्ये एकाकडे असावाच. तिसरी, सीमा ओलांडल्यावरचा रस्ता. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला खड्ड्यांनी आमची बरीच परीक्षा घेतली आहे. तो कधी बरा असतो, कधी नसतो. आदल्या आठवड्यात तिकडून आलेल्या कोणाला तरी विचारून निघावं.

आणि चौथी, जी नवख्यांना माहीत नसते. गोव्याची भाजी बेळगावहून येते, आणि पहाटे भाजीचे टेंपो हाच घाट उतरत असतात. त्यांना बाजार गाठायचा असतो, वळणं पाठ असतात, आणि धुक्यात ते अगदी जवळ आल्यावरच दिसतात. पहाटे पाचला घाटात शिरायची हौस घोळक्याने करू नये. उजाडू द्यावं, टेंपो उतरून जाऊ द्यावेत. वळणावर हॉर्न, आणि कितीही मोह झाला तरी आपली बाजू सोडायची नाही.

वर पोचलं की कणकुंबीपर्यंत जरूर जावं. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा नदीचा उगम आहे. म्हादईच्या पाण्याच्या वादात ज्या कळसा नाल्याचं नाव आपण वर्षानुवर्षं वाचतो, तो याच परिसरातला. राज्य कर्नाटकाचं, पण टपरीवरचा माणूस तुमच्याशी मराठीतच बोलेल. ओल्या हातांनी चहाचा पेला धरून तिथे उभं राहिलं की घाट चढल्याचं सार्थक वाटतं. जेवणाची सोय मात्र आंबोलीसारखी नाही, आणि सोबतच्या बायकांना कपडे बदलायला आडोसा मिळेल की नाही याची खात्री देता येत नाही. आमच्यातल्या दोघी याच कारणासाठी आजही आंबोलीच्या बाजूने हात वर करतात. त्यांचं म्हणणं मला पटतं.

दोन्हीकडे लागू पडणारी एक गोष्ट. गोव्यातली बाटली डिकीत घालून सीमा ओलांडू नका. दोन्ही वाटांवर नाके आहेत, आणि एका गाडीपायी सगळा ग्रुप खोळंबतो. आणि आंबोलीला गेलात तर शक्यतो अंधार पडायच्या आत घाट सोडा. जगात फक्त तिथेच सापडणारा एक छोटा भेक (खडबडीत कातडीचा बेडूक) आहे, वाघासारखे पट्टे असलेला. पावसाळी रात्री बेडूक-भेक रस्त्यावर येतात आणि चाकाखाली जातात. दिवसा उतरलं तर ते टळतं.

तेव्हा कसं ठरवायचं? मुक्काम असेल, वयस्क मंडळी असतील, किंवा आठवड्याचा मधला दिवस मिळत असेल तर आंबोली घ्या, पस्तावणार नाही. रविवारच हाताशी असेल आणि तरीही आंबोलीच हवी असेल तर धबधबा नऊच्या आत मागे टाका आणि पाण्याखाली जायचा हट्ट सोडून नांगरतास-हिरण्यकेशीची भटकंती करा. पण पाचाहून जास्त गाड्या, रविवार आणि संध्याकाळी घरी परत, असं गणित असेल तर मी चोर्ला धरतो. गणेश चवथीनंतरचे रविवार त्यातल्या त्यात उत्तम: पाऊस ओसरलेला, ओहळ अजून वाहते, पठारावर फुलं, आणि धुकं असलं तरी सकाळी उशिरापर्यंत टिकत नाही.

ज्यांना तोच रस्ता परत नको असतो त्यांनी जांबोटीहून खानापूर, लोंढा, रामनगर करत अनमोडने मोलेला उतरावं. दिवस भरगच्च होतो, म्हणून हे फक्त पाऊस उघडल्यावर. साखळीहून सात-साडेसातला निघालात तर अंधाराच्या आत फोंडा गाठता.